गाव शांत आहे

अण्णा,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आता मीही तुमच्यासारखाच पोलिसांच्या गोपनीय शाखेत आहे. साध्या कपड्यात गावोगाव फिरायचं, काय शिजतंय ते बघायचं आणि वर अहवाल पाठवायचा. लहानपणी एकदा तुम्ही मला युसूफ वडगावच्या बाजारात नेलं होतं. भाजी काही घेतलीच नाही. पालं टाकून बसलेल्या बायकांकडे बघत म्हणालात, "कोण कुणाच्या घागरीचं पाणी पितंय, तेवढं बघ. पाणी तुटलं की समज, गावात कायतरी हाय." पुढे असंच काहीतरी बघून तुम्ही आमदाराला न रुचणारा अहवाल लिहिलात आणि आपली बदली झाली. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं आई भाकरी थापताना म्हणायची. बदलीमुळे माझी जुनी शाळा सुटली होती, मलाही तिचंच पटायचं. तुम्ही खाली मान घालून जेवायचात.

यंदा ज्या गावात मंत्र्यांची सभा ठरली, तिथल्या बाजारात मी उभा होतो. बांगड्यांच्या पालावरची म्हातारी मला ओळखून होती, तिने हळूच सांगितलं, "शेजारणीनं घागर येगळी केली, साहेब. वर लिवा. सभा आत्ता नगं." मी तसंच लिहिलं, सभा पुढे ढकलावी. आमच्या साहेबांनी वाचून कागद माझ्याकडे परत सरकवला. मंत्र्यांना तारीख बदलायची नाही, जरा बघ, म्हणाले. मी तिथंच बसून नवा अहवाल लिहिला: गाव शांत आहे. सभेच्या दिवशी दगड उडाले आणि म्हातारीचा डावा डोळा गेला.

दवाखान्यात तिने विचारलं, "तुमी लिवलं न्हवतं का?" लिहिलं होतं, म्हणालो. खोटं नव्हतंच ते. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "मग तुमचा काय दोष." अण्णा, मला लाज वाटते. पट्टी बांधलेल्या बाईकडून मी माफी उकळली, तीही अर्धं सांगून.

हे पत्र टाकायला पत्ता असता तरी टाकलं नसतं. घरी, चौकीत मी सगळ्यांना सांगतो की वरून फार दबाव होता. तुमच्यापुढे तसं म्हणवत नाही. साहेब एकदाच 'बघ' म्हणाले होते. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ मी त्यांच्यावर येऊच दिली नाही.