कुबडीची नाल

विनिपेग, शुक्रवार

प्रिय शबनम,

रविवारी तू माकणीला आमच्या घरी जाऊन अण्णांना सांगणार आहेस, की हर्षाली शिक्षण सोडून कॅनडातून परत येतेय. मीच तुला तसं सांगायला सांगितलं, तेही सोमवारी फोनवर हुंदके देत. जाण्याआधी एवढं वाच. फोन केला असता तर तू मधेच ओरडली असतीस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय.

बर्फात पडले, एवढंच तुला बोलले होते. कशी पडले ते आता ऐक आणि पोट धरून हस. पावसाळ्यात आपल्या काळ्या चिखलात घसरू नये म्हणून आई माझ्या कुबडीच्या टोकाला गोणपाट बांधायची, आठवतं? तेच डोकं मी इथं लढवलं. गोणपाट कुठलं मिळायला? जुन्या टॉवेलचा तुकडा गुंडाळला आणि निघाले ऐटीत. बसथांब्यापर्यंत तो भिजला आणि उणे बावीसच्या थंडीत गोठून दगड झाला. बस आली, मी कुबडी पुढं टाकली आणि थेट आडवी! दोन बायकांनी उचललं. लागलं फार न्हाय गं, पण अख्खी बस माझ्यासाठी खोळंबली, त्या शरमेनं मेले. नंतर एकोणीस दिवस खोलीबाहेर पाऊल टाकलं नाही. अण्णांना मात्र रोज व्हिडिओ कॉलवर खिडकीतून बर्फ दाखवायचे आणि म्हणायचे, लई भारी वाटतंय इथं. खोटारडी कुठली! कुबडी सांभाळत, वडापच्या खच्चून भरलेल्या जीपमध्ये स्वतःला कोंबून लोहाऱ्याला कॉलेजला जाणारी मी, इथं समोरच्या दुकानातून दूध आणायला घाबरत होते.

सोमवारी तुझा फोन ठेवला आणि तुझ्या अब्बांची, बाबामियाँ चाचांची आठवण आली. दरवर्षी साखर कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यांच्याकडं बैलांची रांग लागायची. बैल आडवा पाडून खुराला नाल ठोकली, की भरल्या गाडीखाली तो डांबरी रस्त्यावर घसरत नसे. मी तेव्हा नऊ वर्षांची. अपघातानंतर नवी नवी कुबडी आली होती. हट्टच धरून बसले, माझ्या कुबडीला पण नाल मारा. सगळे हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी बैलाचा खूर बघावा तसं कुबडीचं टोक उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, बेटी, अजून जरूर नाही. बैल कमजोर असतो म्हणून नाल मारत नसतात, रस्ता निसरडा असतो म्हणून मारतात. एवढी वर्षं हे कुठं दडून बसलं होतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात फोन केला. अगं, कुबडीला लावायची पाच दातांची लोखंडी नाल इथं सर्रास मिळते! मी रडत बसले होते आणि ती दोन गल्ल्या पलीकडं टांगलेली. त्यांनी घरी आणून दिली. आत शिरताना दात वर दुमडायचे असतात. मी विसरले आणि लायब्ररीच्या गुळगुळीत फरशीवर खर्रकन ओरखडा! सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मी पण सगळ्यांकडं बघितलं. तीन दिवस झाले, रोज वर्गात जातेय.

तेव्हा रविवारी घरी जा, आईच्या हातचं पोटभर खा, पण ती बातमी सांगू नकोस. तिकीट मी काढलंच नाही. त्याऐवजी दुसरं काम कर, खरं तर त्यासाठीच हे लिहायला बसले. ट्रॅक्टर आल्यापासून चाचांची हत्यारं पोत्यात पडून आहेत आणि आपलं काम आता कुणाच्या उपयोगाचं नाही म्हणून ते गप्प बसून असतात, असं तूच म्हणालीस. सोबतचा दुसरा फोटो त्यांना दाखव. माझ्या दारापासून बसथांब्यापर्यंत बर्फात पाच-पाच टोच्यांच्या खुणा गेल्यात. त्या माझ्या आहेत. नाल नीट बसलीय का ते त्यांनी बघून सांगावं म्हणावं, आणि चुकीची बसली असेल तर मला फोन करून चांगलं झापावं. मी वाट बघतेय.

तुझीच,
आज फक्त एकदा पडलेली,
हर्षाली