तेलाच्या जाहिरातीतल्या आईस

प्रिय आई,

आज नववीच्या वर्गात पडद्यावर तू आलीस, म्हणून लिहितेय. एप्रिलात अंगणात काजूच्या बिया वाळत घालता घालता तू गेलीस, तेव्हापासून मला रडू आलेलं नाही. आजही आलं नाही. पण झालं ते तुला सांगायलाच हवं.

जाहिरात आपल्याला कशी पटवते, हे मी मुलांना शिकवत होते. 'आजच मागवा' म्हणून लावलेली घाई, पांढरा कोट घातलेला नट, आधी घातलेली भीती. प्रत्येकाने घरी पाहिलेली एक जाहिरात मला फोनवर पाठवायची होती. मी त्या आधी बघून ठेवल्या नाहीत. हल्ली मी कुठलीच गोष्ट आधी बघून ठेवत नाही.

सानिकाची जाहिरात लावली आणि मये गावच्या तळ्याकाठी तू चालत आलीस. हिरवं लुगडं, केसांत आबोली. "माझे गुडघे आता दुखत नाहीत हो!" म्हणालीस आणि हसलीस.

आठवतं तुला ते शूटिंग? तू तळ्याकडे सहज गेली होतीस आणि त्या जाहिरातवाल्यांनी तुला थांबवून घेतलं. बाबा गेल्यापासून तू फूल माळलं नव्हतंस. त्यांच्यातल्या एका मुलीने गजरा माळला आणि तू माळून घेतलास! संध्याकाळी मी तुझ्या घरी आले, तरी तो केसांत तसाच होता.

मी म्हटलं, "आई, ते तेल तू कधी लावलंसुद्धा नाहीस."

तू म्हणालीस, "गो बाय, इतकी माणसां गप बसान माझा ऐकत होती. घरात कोण ऐकता माझा?" आणि मग हळूच, "बरा बोललंय मगो?"

बरं बोललीस, आई. इतकं बरं कशाला बोललीस?

वर्गात मी नेहमीचा प्रश्न विचारला, "ही बाई आपल्याला खरी का वाटते?" मुलं भराभर सांगू लागली. ती नटी वाटत नाही. तिच्या टाचांना भेगा आहेत. ती आमच्या शेजारणीसारखी हसते. मी एकेक फळ्यावर लिहीत गेले. तुझ्या टाचा, तुझं हसू. अक्षर चांगलं आलं. त्याचंच मला नवल वाटलं.

मग सानिका उभी राहिली. सुर्ल्याची मुलगी, वडील खाणीवरच्या ट्रकावर असतात. म्हणाली, "टीचर, माझ्या आजीचो गुडघो सुजलो. डॉक्टरान तपासणी करूंक सांगल्यानी, पण ती जायना. म्हणता, ही बाय तेलान चालूंक लागली, मीय लागतलंय."

तेव्हा मी म्हटलं, "ही माझी आई."

मागच्या बाकावरून एकाने विचारलं,

"म्हणजे तेल खरा, टीचर?"

"नाही. तिने ते कधीच लावलं नव्हतं."

"मग ती फट मारता?" सानिकाने विचारलं. उद्धटपणे नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

जाहिरातवाल्यांनी वाक्य लिहून दिलं, ते गावोगावच्या लोकांपर्यंत पोचेल हे तुला ठाऊक नव्हतं, असं कितीतरी सांगता आलं असतं. मी "हो" म्हटलं. मुलांसमोर तुला खोटं बोलणारी म्हटलं, आई. रागावलीस?

शाळा सुटल्यावर मी सानिकाबरोबर सुर्ल्याला गेले. तिची आजी दारातल्या सोप्यावर पाय लांब करून बसली होती. गुडघा तांबडा, चकचकीत झालेला. मी ओळख सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला.

"तुझी आवय ती? बरी आसा मगो?"

"ती एप्रिलात गेली."

"काय सांगतस! गुडघ्यान?"

"नाही, छातीत दुखून. आणि आजी, तिचे गुडघे शेवटपर्यंत दुखत होते. मी रोज शेकून द्यायचे."

"मगे माझ्याकडे रोज बोलता ती कोण?" तिने विचारलं. मी तिचा सुजलेला पाय उशीवर नीट ठेवला. तुझा ठेवायचे तसा. माझे हात ते आपोआप करतात.

निघताना ती म्हणाली, "तू येशीत तर जातंय डॉक्टराकडे."

घरी येऊन सुधीरला फोन केला. म्हटलं, ती जाहिरात बंद करायला कंपनीला सांगूया. तो चिडलाच. "ताई, फोटो आहेत गं, पण आईचा आवाज तेवढाच आहे आपल्याकडे. मी बघतो अधूनमधून. तू नाही बघत?"

मी बघत नव्हते. त्याच्या फोननंतर बघितली, पुन्हा पुन्हा. तू चालतेस, हसतेस, दुखत नाही म्हणतेस. मला काहीच झालं नाही. फक्त एकदा, तू बोलायच्या आधी किंचित श्वास घेतेस ना, तिथे मी थांबवली. तो श्वास तुझा आहे. पुढची वाक्यं त्यांची.

उद्या मी सानिकाच्या आजीला डिचोलीला डॉक्टरांकडे नेतेय. परवापासून त्या कंपनीच्या मागे लागेन. ते दाद देणार नाहीत, तरी लागेन. सुधीर काही दिवस बोलणार नाही माझ्याशी. जाहिरात फोनवर जपून ठेव, असं त्याला सांगेन. पण अनोळखी घरांत शिरून, दुखणाऱ्या बायांना काही दुखत नाही असं तू सांगत फिरणं मी थांबवणार. हे मी तुला वचन देते, आई. तुला आवडो, न आवडो.

तुझी,
बाय