आवाज मागाहून

४ फेब्रुवारी १९६३, रोम
शेवटी काम लागलं! तेही सिनेमात. कोमाक्योच्या खाडीत जन्मभर वाम मासे धरायला नकोत म्हणून घर सोडलं, मग वीटभट्टी, मग सर्कस, आणि आता हे. तीन जुन्या भयकथांचा मिळून एक सिनेमा निघतोय. तिसऱ्या कथेत एका सरदाराला जिवंत पुरतात. पण त्या नटाला शवपेटीत निजायची धास्ती, पेटी दिसली की अपशकुन टळावा म्हणून लोखंडाला हात लावतो. म्हणून दिव्यांची जुळवाजुळव होईपर्यंत, आणि झाकण लागल्यावर, पेटीत मी. ओत्तोरिनोमिस्त्रींनी माझं माप घेतलं नि म्हणाले, "पोरा, आता जाड होऊ नकोस. पेटी काही उसवून देता येत नाही." स्टुडिओत एक लंगडी मांजर आहे, तिला काउंटेस म्हणतात. आईला कार्ड लिहिलं, तुझा नेव्हिओ पडद्यावर येणार. उद्या टाकीन.

७ फेब्रुवारी
इथे चित्रण चालू असताना कुणी गप्प बसत नाही. दिग्दर्शक ओरडतो, शेजारी सुतार ठोकत असतात, नट तर काल संवादाऐवजी नुसते आकडे म्हणत होता. आवाज सगळे मागाहून भरतात, तेही दुसऱ्यांचेच. जुना सेट मोडायचीही पद्धत नाही, त्याच्यासमोर फळ्या मारून नवा उभा करतात. दुसऱ्या कथेचं तळघर आमच्या भिंतीमागे तसंच आहे.
मला सगळे मढं म्हणतात. मढं, इकडे ये. मढं, जेवलास का. नाव कुणी विचारलेलं नाही. माझ्या खुंटीवर एक तपकिरी कोट आधीपासून लटकतोय. साउरोचा म्हणे, दुसऱ्या कथेतलं मढं. न सांगता निघून गेला. एवढ्या थंडीत, कोट टाकून?

१२ फेब्रुवारी
झाकणाखाली पडलो होतो. भिंतीमागून ठकठक. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. मिस्त्रींना सांगितलं, तर म्हणाले उंदीर, काउंटेस हल्ली आळशी झालीय. मी म्हटलं उंदीर मोजून ठोकत नाहीत. ते म्हणाले मढ्यानं ऐकायचं नसतं. सगळे हसले. मीही हसलो.

१४ फेब्रुवारी
आज दोनदाच. दमल्यासारखं. कोटाच्या खिशात कार्ड सापडलं. साउरोनं आईला लिहिलेलं, मी पडद्यावर येणार. टाकलेलं नाही.
माझंही खिशातच —

१५ फेब्रुवारी, पेटीत
शेवटचा दिवस. दिग्दर्शकाला खरे खिळे हवे होते, आत जाताना दिसायला हवेत म्हणे. नाही म्हटलं असतं तर दुसरं मढं मिळालं असतं. वही सदऱ्यात होती. श्वासासाठी भोकं आहेत, तेवढाच उजेड.
सात खिळे. मी ओरडलो. दिग्दर्शक म्हणाला, हात छान हलतोय, चालू दे.
मिस्त्री पकड आणायला गेले. जेवणाची घंटा झाली. सगळी पावलं गेली —

परत आले. फळ्या घेऊन. उजेड कमी होतोय. मिस्त्री विचारत होते, पेटी उघडली ना कुणी? कुणीतरी म्हणालं, उघडली असेल की. मढं दिसत नाही, गेलं असेल. असली पोरं टिकत नाहीत.
मी ओरडतोय. हातोडे चाललेत —

भिंतीमागून ठकठक. मी उलट ठोकलं. आवाज आला, कोरडा, अगदी कानाशी. "जेवणाची सुट्टी संपली का?"
मी म्हटलं, नाही.
त्यानं नाव विचारलं. इथे पहिल्यांदाच कुणीतरी. मी सांगितलं —
म्हणतोय, नेव्हिओ, जरा सरक, मी