दिवेवाल्याच्या गाडीचा ब्रेक

३ मार्च
ठरलं. दिवेवाल्याला संपवायचं. झुंबरं विकणारा हा टकल्या आज गाडी दाखवायला आमच्या गॅरेजमध्ये आला आणि सगळ्यांदेखत बायकोला म्हणाला, जरा गप्प बस ना. डोकंच फिरलं माझं. अशा बाईला? मी पंक्चर काढलं तेव्हा ती म्हणाली होती, तुम्ही होतात म्हणून बरं झालं. बाई असं कुणालाही म्हणत नाही.

५ मार्च
थोरल्या बहिणीला आडून विचारलं. ताई म्हणाली, तिला तोंड आहे ना? मग तिचं ती बघेल, तू तुझे पाने पुस. ताईला प्रेमातलं शून्य कळतं. भावजींकडे पाहिलं की पटतं.

९ मार्च
बल्बचं निमित्त काढून त्यांच्या दुकानात गेलो. ती फोनवर सांगत होती, यांच्यापायी माझा जीव जायची वेळ आलीये, एकदाचं काहीतरी करायलाच हवं. माझ्याकडे बघूनच म्हणाली! मध्ये 'घोरणं' असा शब्द आला, पण तो नवऱ्याला संशय येऊ नये म्हणून.
आणलेला बल्ब घरात कुठेच बसत नाही. माल भिकार.

१२ मार्च, दुपार
गाडी सर्व्हिसिंगला आली. गॅरेजचे मालक जेवायला गेले. ब्रेकच्या पाइपाचा नट सैल केला. हात जराही थरथरला नाही. पाना दोनदा पडला, तो तेलकट होता म्हणून.

१३ मार्च
काही नाही! दिवेवाला दुकानात बसून खिदळतोय. या माणसाला वेळेवर मरताही येत नाही. संतापानं जेवलो नाही. ताईला वाटलं पोट बिघडलंय. कडू औषध पाजलं.

१४ मार्च
धडकला! पण लाकडाच्या वखारीच्या भिंतीला. नुसता पाय मोडला. मालक म्हणाले, बिचारा स्वतःच कबूल करतोय, घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला असणार. म्हणजे माझ्या कामाचं श्रेयही तोच लाटणार!

१६ मार्च
हॉस्पिटलमध्ये गेलो. ती त्याला भरवत होती. डोळे रडून सुजलेले. काय ॲक्टिंग! जवळ जाऊन हळूच म्हटलं, पुढच्या वेळी चुकणार नाही. तिनं विचारलं, आपण कोण? उत्तर दिवेवाल्यानं दिलं : अगं, गॅरेजमधले मिस्त्री. बघ, किती आपुलकीनं आलेत. खुर्ची दे त्यांना.
तिनं खुर्ची दिली आणि परत चमचा उचलला.
दगाबाज! बसलो नाही.

१७ मार्च, सकाळ
मी एकट्यानंच का भोगायचं? तिनं सुचवलं म्हणून केलं. जाऊ दे दोघांनाही आत. निघालो पोलिसांकडे.

१७ मार्च, दुपार
पोलीस चौकीतल्या बाकावर. सगळं सांगितलं, न अडखळता. साहेब आधी जांभया देत होते, मग सावरून बसले. म्हणे, या अपघाताची कुणाची तक्रारच नव्हती. पाना, नट, पाइप, हवालदारानं सगळं लिहून घेतलं. वर माझी सही घेतली. मग मी टेबलावर हात आपटून म्हटलं, आता तिचं लिहा, खरी सूत्रधार तीच.
साहेब म्हणाले, बोला. बाईंचं नाव?
केव्हापासून आठवतोय. हवालदार पेन उघडं धरून थांबलाय.