नाव न घातलेली बोट

शिरोळ,
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय अमरदादा,

नमस्कार. पुराचं पाणी ओसरलं, घर धुऊन झालं, म्हशी छावणीतून परत आल्या. वहिनींची पितळी भांडी माळ्यावर होती, वाचली.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. मे महिन्यात, पुरासाठी गावानं वर्गणी काढून घेतलेल्या ग्रामनिधीच्या बोटीची पूजा होती. लग्नात आहेर पुकारणाऱ्या बाळासोनं माईक घेतला आणि सवयीनं पहिलं नाव तुझंच पुकारलं. देणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, बोटीवर घालायचं नाही, असं गावानं बसून ठरवलेलं. निधीची सचिव म्हणून मी त्याच्या हातातला माईक काढून घेतला. सगळ्यांत जास्त तू दिलं होतंस. बोटीवर आपल्या आबांचं नाव असावं, एवढंच तुझं मागणं. तू न जेवता पुण्याला निघून गेलास. नियम पाळताना मी भावाला चारचौघांत खाली पाहायला लावलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण या पुरात तू इथं असायला हवा होतास. बाहेरून मदत पोचायच्या आत, बोट चालवणाऱ्या रफिकनं नदीकडची खालची गल्ली रिकामी केली. त्या गल्लीतल्या बायडाबाईनं निधीला पायलीभर जोंधळे दिले होते. बोटीत पाय ठेवता ठेवता ती रफिकला म्हणाली, "दमानं चालीव रं, माझी बोट हाय." कमरेएवढ्या पाण्यात उभी असलेली माणसं हसली. माझा ऊर भरून आला. मग वाटलं, नाव नको म्हणणाऱ्या मलासुद्धा मनातल्या मनात स्वतःच्या नावाची पाटी हवीच आहे की काय.

एक तुला कळवलं नव्हतं. पाणी चढलं तेव्हा आबा घरातच होते. तू एवढं दिलंस म्हणून रफिक बोट घेऊन आधी आपल्याच दारात आला. मी आबांची पिशवीही उचलली होती. आबा जिन्यावर बसूनच राहिले.

"हिच्यावर माझं नाव हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय, आबा," मी म्हणाले.

"मग खालच्या गल्लीला जा आधी."

आम्ही शेवटच्या फेरीत बाहेर पडलो. भिजल्यानं त्यांना ताप आला होता. आता उतरलाय, भाकरी खातात. बोटीवर नाव असतं तर त्यांना तसं बोलता आलं असतं का, दादा? मला नाही वाटत. आणि तू दिलं नसतंस, तर ते बोलायला बोटही नसती.

खंडेनवमीला बोटीची पूजा तुझ्या हातून व्हावी, असं आबा म्हणतात. नाव पुकारणार नाही. पण या वेळी जेवून जा.

तुझ्या बोटीतून काठाला लागलेली,
संयोगिता