विलायती कुत्र्याचा ताप

दाजी,

तुमचा विलायती कुत्रा वाचेल. त्याला नजर नव्हती लागली, गोचिडांचा ताप होता. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर जंतूच जंतू. शिरेतून निळं औषध दिलंय. हिरड्या निळ्या दिसल्या म्हणून पुन्हा भगताला बोलावू नका. गोचिडी मात्र रोज वेचा, स्वतःच्या हातांनी.

कुत्र्यासाठी तुम्ही मला आणायला महाडला घोडा पाठवलात. माझी बहीण महिनाभर माजघरात तापाने फणफणतेय, हे मला इथे आल्यावर कळलं. तरी अक्का म्हणाली, "आधी त्याला बघ रे, नायतर हे घर डोक्यावर घेतील."

तिला दासगावहून बोटीने मुंबईच्या इस्पितळात नेतोय. मागे येऊ नका. कुत्र्याजवळ बसा, तुमची वाट पाहणारा आता तो एकटाच उरलाय.

सयाजी