माझ्या नावाचा गिलास

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

चढली नाही!

घरात सगळ्यांना चढली, मला नाही. उकंडकाका— यांचे चुलते— औंढ्याचं दर्शन करून आले, येताना कुठूनसा भांगेचा पाला आणला. दरवर्षी आणतात. वाटायचं काम आत्याबाईंचं. (सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते.) पाट्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालत नाही. एक पातेलं भांगेचं, एक साध्या ठंडाईचं, लेकरांसाठी. इतकी वर्षं मी साधीच पीत आले. यंदा भांगेची मागितली. आत्याबाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. बस तितंच, आणते."

आणली ती माझ्या माहेरच्या गिलासात. आईनं लग्नात दिलेला, 'शालिनी' नाव घातलेला. बाकीच्यांना साधे गिलास. बरं वाटलं.

तासाभरात उकंडकाका ज्याला त्याला विचारायला लागले, "माझे पाय कोनी नेले?" यांनी ओसरीच्या खांबाला रामराम घातला. खांब बोलेना, तर रुसले! मी आपली वाट पाहत बसले. आता येईल, मग येईल. काही नाही. बदाम मात्र छान लागत होते.

सृष्टीनं माझ्या गिलासातला एक घोट पळवला. ओरडले तिच्यावर. तर म्हणते कशी, "मम्मी, तुझी अन् माझी चव एकच हाय!"

२७ फेब्रुवारी

काकांचं निदान: "तुपावर परतली न्हाई वहिनीनं. कच्चा पाला चढत नसतो." मग तुम्हाला कशी चढली? "मला नुस्ती याद आली तरी चढते, सूनबाई!"

२ मार्च

इथे तरी खरं लिहावं. मला ती चढायला का हवी होती? हसायचं होतं. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पूर्वी हसायचे तसं.

नांदेडच्या डॉक्टरांची गोळी सुरू झाल्यापासून मी बरी आहे. खरंच बरी आहे. उठते, मशीनवर बसते, ब्लाऊज वेळेवर देते, सृष्टीची वेणी घालते, भाजीत मीठ बरोबर पडतं. त्याआधीचे दिवस आठवले तरी काटा येतो. सकाळ झाली की भिंतीकडे तोंड करून पडायचं आणि घरात सांगायचं, पाठ दुखते. अजूनही माझी पाठच दुखते! गोळी म्हणजे कॅल्शियम. यांनाही तेच सांगितलंय. पाकीट मशीनच्या खणात, रिळांच्या खाली. खरं कळलं तर? 'डोक्याच्या गोळ्या खाते' म्हणतील. उद्या सृष्टीला स्थळ आलं की आधी आईचं डोकं विचारतील.

आज पाकिटावर पिवळा डाग दिसला. हळद शिजवायचे दिवस. घरात एक वस्तू पांढरी राहत नाही.

८ मार्च

मलिकाभाभी ईदेच्या कुर्त्याचं माप द्यायला आल्या. मी सहज विचारलं— भाभी, एखाद्याला नशा चढतच नाही, असं का होत असेल? त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "तोबा! रोजे में मेरेकू नशे की बातां पूछती!" मग जाता जाता दारात थांबल्या. "दिल की गाठ ढीली नै हुई तो क्या चढना, शालू?"

दिवसभर ते वाक्य मशीनच्या आवाजात ऐकू येत राहिलं.

१४ मार्च, धुळवड

पुन्हा मागितली. या वेळी पाला तुपावर परतलेला. काकांनी समोर उभं राहून परतून घेतला. पुन्हा माझा गिलास, पुन्हा बदामाची चव. पुन्हा काही नाही!

हे एका कोंबडीला बघून इतके हसले की खाली बसले. "शालू, ती बघ, तिला घाई झालीय!" मीही हसले. रीत म्हणून.

संध्याकाळी मोबाइलवर शोधलं. भांगेबद्दल नीटसं काही सापडलं नाही. पण भास दाखवणाऱ्या कसल्याशा अळंब्या असतात, त्यांच्याबद्दल लिहिलं होतं. मनाच्या काही गोळ्या चालू असतील तर त्यांचा असर कमी होतो, कधी होतच नाही. पुनःपुन्हा वाचलं. म्हणजे हेच! गोळीनं आतलं दार लावून घेतलंय. दुःखाला लावलं तसंच हसण्यालाही.

१५ मार्च

आजपासून गोळी बंद. डॉक्टरांना विचारलं नाही. ते नाहीच म्हणतील.

१८ मार्च

मान वळवली की डोक्यात झिणझिण्या येतात. जमीन हलते. भांग पिऊन झालं नाही ते आता होतंय! पण हसू काही येत नाही.

मलिकाभाभींच्या कुर्त्याला बाही उलटी लावली. उसवली, पुन्हा उलटीच लावली. कंगवा सापडेना म्हणून सृष्टीला नको ते बोलले. ती आपली आपण वेणी घालून शाळेत गेली. वाकडी घातली होती.

आज सकाळी जाग आली तेव्हा तोंड भिंतीकडे होतं.

२० मार्च

मशीनवर नुसती बसले होते. आत्याबाई आल्या. न विचारता खण उघडला, रिळं बाजूला सारली, पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.

"हे तसंच काहून हाय? पाच दिवसांत एक गोळी कमी न्हाई झाली."

माझ्या तोंडून निघालं, "कॅल्शियम—"

"मला नको सांगू कॅल्शियम. गोळी सुरू झाली अन् माझी सून भिंतीकडून इकडं वळली. म्या डोळ्यानं पाह्यलं. गोळीचं नाव मला वाचता येत न्हाई, पन तू मला वाचता येतीस." मग पाकीट माझ्याकडे सरकवत, "तू सांगशील म्हनून वाट पाहून राहिले होते. लई दिवस."

पाकिटावर त्यांचा अंगठा होता. हळदीनं पिवळाधमक.

रडले. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून, लहान पोरीसारखी. पण बंद का केली ते सांगितलं नाही. भांग चढेना म्हणून औषध सोडलं, हे कोणत्या तोंडानं सांगू!

२१ मार्च

डॉक्टरांना फोन केला. रागावले, पण नीट समजावलं. आजच सुरू करा म्हणाले.

मग आत्याबाईंनाही सांगून टाकलं, भांगेचं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "अगं येडे! तुझ्या गिलासात भांग होतीच कुठं? गोळ्या चालू असलेल्या लेकराला म्या भांग पाजू व्हय? चुकून दुसऱ्याचा गिलास तुझ्या हाती जाऊ नये, म्हनून तर तुझ्या नावाचा काढला!"

हसायला लागले. थांबेचना. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सृष्टी पळत आली. "आजी, मम्मीला आत्ता चढली काय गं?"

गोळी घेतली, सगळ्यांसमोर. पाणी आत्याबाईंनी दिलं. त्याच गिलासात.